उसंत

मी घोटे बांधते. अठरा वर्षं झाली.
टाचेखालून, नडगीवरून, पुन्हा टाचेखालून
पांढरी टेप, मराठमोळी नव्हे, इथलीच गाठ नसलेली बांधणी.
स्टेडियमला दिसतो तो खेळ मला अर्धाच दिसतो.
उरलेला बाकावर असतो.

नोव्हेंबरचा शनिवार. नेब्रास्का.
मका कापून झालेला, वाऱ्याला अडवायला
मैलोन् मैल काही उभं नाही.
बचावाची पोरं येऊन टेकतात,
हेल्मेट उतरवलं की डोक्यांतून वाफ निघते,
झाकण काढलेल्या पातेल्यांसारखी.

इसाया फालेमाओ, एकशे एकेचाळीस किलो,
चौदा डाव अंगावर घेऊन आलेला.
मी संत्रं देते. तो नखानं साल उचकटतो
आणि गर्दी उसळते.
टचडाउन! तीन डाव, एकेचाळीस सेकंद.
केलनचा चेंडू आभाळात असा काही गेला म्हणे.
मी पाहिला नाही.
मी इसायाचं तोंड पाहत होते.
"इतक्यात?" तो म्हणाला.
संत्रं माझ्या हातात परत.

आपल्याच माणसाच्या पराक्रमानं
आपला माणूस दमतो,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
सोमवारी न्हाव्याच्या खुर्चीत लोक बोलतील :
आक्रमण सोन्याचं, बचाव म्हणजे चाळणी.
अरे, चाळणीत किती वेळा ओतलंत
ते तरी मोजा.

आणि उलटंही.
तिसऱ्या सत्रात समोरचे हलेचनात,
इसायाची फळी मागे, अजून मागे,
आणि केलन कडेला उभा,
दोन्ही हात काखेत,
वीस मिनिटं. बोटं लाकडाची झाली.
मैदानात गेला तेव्हा चेंडू साबणासारखा निसटला.
तीन डाव, परत.
इसाया उठला. काही बोलला नाही.
एका रजईत निजलेले दोन भाऊ हे :
एकानं ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे,
आणि दोघांनाही वाटतं,
थंडी बाहेरची आहे.

शेवटची अकरा मिनिटं. तीन गुणांनी पुढे.
कोच टीमन, ज्याला लांब फेकीशिवाय झोप येत नाही,
दाढ दुखल्यासारखा म्हणाला, "पळवा."
मग रूडी पाव्हलिक,
ज्याचं नाव निवेदकालाही नीट येत नाही,
चेंडू पोटाशी धरून ढिगाऱ्यात घुसत राहिला.
चार यार्ड. तीन. पाच. दोन.
बघवत नव्हतं.
बँडवाल्यांनी तुताऱ्या मांडीवर ठेवल्या.
मागून कुणी ओरडलं, "अरे, फेक की!"
नऊ मिनिटं असं नांगरणं.
शेवटी लाथ खांबाला लागून चेंडू बाहेर.
हाती शून्य.

पण मी बाकावर होते.
इसायानं संत्रं खाल्लं. पूर्ण.
एकेक फोड, बिया तळहातावर.
बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.
चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
"मार्लीन, तुझ्या मुलीचं नाव काय गं?"
"योहाना," मी म्हटलं.
"छान आहे," म्हणाला, आणि उठला.
उठताना गुडघ्यावर हात टेकला नाही.
ते मी पाहिलं. आणखी कोणी पाहिलं असेल
असं वाटत नाही.

चौथ्या डावात त्यानं हात वर केला,
आणि चेंडू त्या हातावर आपटून खाली पडला.
बस्स, एवढंच.

पेपरात केलनचा फोटो आला, पहिल्या टचडाउनचा.
देखणा आहे, यायलाच हवा.
रूडीची आई दुकानात भेटली,
तिनं दोन प्रती घेतल्या तरीही.

रविवारी कोट धुवायला काढला
तर खिशात साल निघाली,
कडेनं कडक झालेली.